ग्वाल्हेरचा स्पेसर

गोव्यात वाढलेल्या माणसाला मोटरसायकलचं कौतुक सांगावं लागत नाही. आमच्याकडे पिवळ्या मडगार्डवाला ‘पायलट’ भाडं मारतो आणि त्याच्या मागे बसून माणसं बाजार, कचेरी, दवाखाना सगळं करतात. मीसुद्धा नोकरीची पहिली काही वर्षं बसस्टँड ते कचेरी असा पायलटच्या मागे बसूनच गेलो. पण मोटरसायकलच्या चाकाशेजारी असलेल्या बोटभर लोखंडी नळीकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते गोव्यात नव्हे, ग्वाल्हेरला!

माझी मावसबहीण लग्न होऊन लष्करात गेली. लष्कर म्हणजे सैन्य नव्हे, ग्वाल्हेर शहराचा एक भाग. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, ती पुन्हा उठलीच नाही. तंबूंचे वाडे झाले, वाड्यांचा बाजार झाला आणि नाव मात्र ‘लष्कर’ राहिलं. अजूनही तिथे पाटणकर बाजार आहे, शिंदे की छावनी आहे, आणि हिंदीच्या समुद्रात आपलं मराठी जपून बोलणारी घरं आहेत. बहिणीचा मुलगा मला म्हणतो, “मामा, चाय लोगे की कॉफी टाकू?” आणि त्याला त्यात काहीही चुकलंय असं वाटत नाही. असो.

तर या भाच्याची जुनी बुलेट. एका पंक्चरवाल्याकडे मागचं चाक काढलं आणि परत बसवताना एका बाजूचा स्पेसर हरवला. त्या बाबाने काय करावं? त्या जागी पाच-सहा वॉशर एकावर एक रचले आणि नट आवळून दिला. भाचा दोन दिवस तशीच गाडी फिरवत होता. तिसऱ्या दिवशी मी मागे बसलो आणि गाडी वळणावर अशी काही डुलली, की मला गोव्यातले सगळे देव आठवले. उतरून पाहतो तर ॲक्सलचा नट सैल, चाक एका बाजूला सरकलेलं आणि चेन तिरकी धावते आहे.

कंपनीचा स्पेसर त्या मॉडेलसाठी कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी कोणीतरी बिरलानगरच्या बाजूला एका खरादवाल्याचा पत्ता सांगितला. खराद म्हणजे आपला लेथ. साठी ओलांडलेला माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने वॉशरची ती चळत हातात घेतली, आमच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “इसपे बैठ के आये हो?”

मग त्याने जे समजावलं ते मी माझ्या कारकुनी भाषेत सांगतो. चाकाच्या तुंब्यात दोन बेअरिंग असतात. त्यांच्या मध्ये एक नळी आणि दोन्ही बाहेरच्या अंगांना एकेक स्पेसर. ॲक्सलचा नट आवळला की फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हे सगळं एकाच खांबासारखं घट्ट होतं. फिरतं ते फक्त चाक. या खांबातला एक तुकडा आखूड पडला तर चाक मध्यावर राहत नाही. त्याची दोन तोंडं एकमेकांना समांतर नसतील तर ॲक्सलला बाक येतो आणि बेअरिंग मरतं. आणि वॉशर रचले तर ते हादऱ्यांनी दबतात, नट आपोआप सैल होतो. म्हणजे त्या नळीचं काम एकच, ठरलेलं अंतर राखायचं. तेवढं एक काम चुकलं की माणूस रस्त्यावर.

तो काम करत होता आणि मी स्टुलावर बसून विचार करत होतो, की हे कसब या गावात आलं कुठून?

शिंद्यांच्या इतिहासात अंतर राखण्याची विद्या फार जुनी आहे. महादजींनी 1784 साली द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाला चाकरीला घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्या तोफा आग्र्याला ओतल्या जात, आणि त्या कामावर सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. तोफेची सगळी करामत गोळा आणि नळी यांच्यामधल्या फटीत असते. फट जास्त झाली तर दारूचा जोर वाया जातो, कमी झाली तर गोळा अडकतो. शिंद्यांच्या तोफखान्याचा दरारा होता तो निव्वळ शौर्याचा नव्हता, मापाचाही होता. आणि आम्हा गोवेकरांनी विसरू नये अशी एक गोष्ट. याच शिंदेशाहीचे बक्षी होते जिवबादादा केरकर, आपल्या गोव्यातल्या केरी गावचे. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली होती. केरीचा माणूस उत्तरेत जाऊन तोफा-पलटणींचा हिशोब ठेवतो, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळत नाही!

पुढे शंभर वर्षांनी माधवराव शिंदे गादीवर होते. या राजाला यंत्रांचं वेड. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची छोटी आगगाडी पाहायला लोक आजही रांग लावतात. मद्याची सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू होते. पण खरी गाडी राजवाड्याबाहेर होती. ग्वाल्हेर लाईट रेल्वे, रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. मोठ्या गाडीचं अंतर 1676. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भिंड आणि शिवपुरीकडे फाटे निघाले, पुढे चंबळच्या खोऱ्याकडून श्योपूरपर्यंत सुमारे 200 किलोमीटरची लाईन गेली. दोन फुटी मार्गांमध्ये जगातल्या सर्वांत लांब लाईनींत तिची गणना व्हायची.

आता पाहा, आगगाडीचं चाकसुद्धा ॲक्सलवर दाबून बसवतात आणि दोन चाकांमधलं अंतर मोजून ठेवतात. ते बिघडलं की गाडी रुळावरून उतरते. ज्या गावात अशी दोन फुटी गाडी चालते, तिथे तिचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते शेडमध्येच घडवावे लागतात. म्हणून लेथ आले, टर्नर आले, फिटर आले. 1951 साली ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली, पण हात तेच राहिले. बिरलानगरच्या गिरण्यांनी आणखी हात तयार केले, कारण गिरणीतही रोज काहीतरी मोडतं.

आमच्या खरादवाल्याचा बाप त्याच नॅरोगेज शेडमध्ये होता. तो स्वतः एका गिरणीत टर्नर होता. गिरणी बंद झाली, तेव्हा त्याने भंगारातून एक जुना लेथ घेतला आणि गल्लीत मांडला. त्याच्या वडिलांची गाडीही 2020 साली थांबली, आता त्या मार्गावर ब्रॉडगेज येत आहे. पण या माणसाच्या बोटांत दोन्ही अजून आहेत.

त्याने जुन्या ॲक्सलचा तुकडा चकमध्ये धरला. तोंड साफ केलं, भोक पाडलं, आतून बोर केलं. व्हर्नियरने तीन-तीनदा मोजलं. ॲक्सल घालून पाहिला, हलकासा सरकला, हलला नाही. मग तुकडा कापून दुसरं तोंड साफ केलं आणि कडा घासून गोल केल्या. चाळीस मिनिटं लागली, 300 रुपये घेतले.

भाच्याने हळूच विचारलं, “चाचा, थोडा लंबा बना दो, चौडा टायर डालना है.” म्हातारा हसला नाही. “जितना था, उतना ही बनेगा,” म्हणाला. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की कंपनीच्या नोंदणीपेक्षा वेगळी अशी गाडी बदलता येत नाही. सरकारी नोकर म्हणून मी ते भाच्याला सांगणार होतो. त्याआधीच माणसाने तेच आपल्या भाषेत सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी आम्ही त्याच बुलेटवरून मेळ्याला गेलो. हा मेळाही माधवरावांचाच, 1905 पासूनचा. गेल्या काही वर्षांत तिथे वाहन घेतलं तर रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट मिळाली आहे, म्हणून लांबून लोक येतात. नव्याकोऱ्या मोटरसायकलींच्या रांगाच रांगा. भाचा त्यांच्यात हरवून गेला. मी मात्र प्रत्येक गाडीच्या मागच्या चाकाकडे वाकून पाहत होतो. विक्रेत्याला वाटलं गिऱ्हाईक आहे!

गोव्यात परत आल्यावर मांडवीच्या काठावरच्या एका लेथच्या दुकानात मुद्दाम गेलो. बार्जींच्या कामावर ही दुकानं वाढली. 2012 साली खाणी थांबल्या आणि बार्जी किनाऱ्याला लागल्या. दुकानदार म्हणाला, “काम खंय आसा? आता पोरगो हॉटेलात लागला.” ग्वाल्हेरच्या म्हाताऱ्याचा मुलगाही मोबाईलच्या दुकानात बसतो, हे मला तेव्हा आठवलं.

संस्थानं गेली, छोटी गाडी गेली, गिरणी गेली. त्यांचे फोटो आपण जपतो, चांदीची गाडी काचेमागे ठेवतो. पण ज्या हातांनी त्या गोष्टी चालवल्या ते हात कुठल्याच संग्रहालयात मावत नाहीत. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या शेजारी उभं राहून पाहिलं तरच ते पुढे जातात. तेवढंच अंतर मध्ये असावं लागतं. फार वाढलं की चाक डुलायला लागतं.

भाच्याचा परवा फोन आला होता. बुलेट छान चालते आहे. आणि सुट्टीच्या दिवशी तो त्या खरादवाल्याकडे जाऊन बसतो म्हणे, “बस यूँ ही, मामा, देखायला.”