व्हेनिसने चिठ्ठीची जागा बदलली

१२२९ साली व्हेनिसच्या ४० निर्वाचकांची मते २०-२० अशी दुभंगली. एका बाजूला याकोपो तिएपोलो, दुसऱ्या बाजूला मारिनो दांदोलो. शेवटी चिठ्ठी टाकली गेली आणि तिएपोलो डोजे, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, झाला. यावर पहिला तोडगा अगदी हिशेबी निघाला: निर्वाचक ४१ करा. त्याने बरोबरी टळली, घराण्यांचे वैर टळले नाही. १२६८ चा उपाय मात्र वेगळ्या जातीचा होता. त्यात चिठ्ठीची जागाच बदलली. मतमोजणीनंतर टाकलेली चिठ्ठी, आपल्याकडे समसमान मते पडल्यावर टाकतात तशी, हरणाऱ्याच्या पदरी फक्त फुटके नशीब टाकते. निवडीच्या अधेमधे पेरलेली चिठ्ठी माणसाचे वागणे बदलते.

ती पेरली अशी. महापरिषदेतून सोडतीने ३० जण, त्यांतून पुन्हा सोडतीने ९. या नऊ जणांनी ४० निवडायचे, पण प्रत्येक नावाला किमान ७ मते हवीत. त्या चाळिसांतून सोडतीने १२, त्यांनी प्रत्येकी ९ मतांनी २५ निवडायचे. मग ९, त्यांचे ४५, त्यांतून ११, त्यांचे ४१, आणि त्यांत निदान २५ मते मिळवील तो डोजे. सोडतीच्या गोळ्या काढायला सान मार्कोबाहेर भेटेल तो पहिला लहान मुलगा. वाचतानाच दम लागतो! पण आकडे नीट पाहा. नवांत ७ मते लागत असतील तर तिघे नाराज झाले की नाव पडते. सहा जणांच्या गटाचेही एकट्याने काही चालत नाही. शिवाय मोठ्या खटपटीने घुसवलेली आपली माणसे पुढच्या सोडतीत टिकतील, याची खात्री कोण देणार? अशा वेळी विरुद्ध गटालाही चालेल असा माणूस पुढे करणे, हाच शहाणपणाचा सौदा.

हा सारा खेळ सरदारांपुरता होता, हा आक्षेप खराच. १२९७ नंतर तर महापरिषदेचे दार ठरावीक घराण्यांपुरतेच उरले. याला लोकशाही म्हणू नये. डोजेचे अधिकार शपथनाम्यात इतके जखडत नेले होते, की त्या पदासाठी भांडायला उरले काय, हा प्रश्न मला अधिक वजनदार वाटतो. मान मात्र उरलाच होता, आणि घराणी मानासाठीही रक्त सांडतात. १३१० साली याकोपोचाच पणतू बायामोंते तिएपोलो याने सशस्त्र उठाव केला. तेव्हा या पद्धतीने महत्त्वाकांक्षा विझवली असे कोणी म्हणू नये. तिने निवडणूक एका गटाच्या खिशात जाणे अवघड केले, एवढेच माझे म्हणणे. या रीतीने निवडलेला पहिला डोजे याकोपोचा मुलगा लोरेंझो होता. अखेरचा लुदोविको मानिन १७८९ साली आला आणि मे १७९७ मध्ये नेपोलियनच्या धाकाने पायउतार झाला.