कोडीचे ॲड-ऑन: ते काय असतात, कुठून येतात आणि निवडताना काय पाहावे

कोडी हे ॲप पहिल्यांदा उघडणाऱ्याची बहुतेक वेळा निराशाच होते. मित्राच्या टीव्हीवर याच ॲपमध्ये सिनेमे, मालिका, क्रिकेट सगळे दिसत होते आणि आपल्या टीव्हीवर मात्र नुसती रिकामी पाने. मग यूट्यूबवर शोध सुरू होतो, एखादा व्हिडिओ सापडतो, त्यात सांगितल्याप्रमाणे चार बटणे दाबली जातात आणि पाच मिनिटांत ॲप भरून जाते. या पाच मिनिटांत नेमके काय घडले, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

कोडी हा मुळात फक्त प्लेअर आहे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमिंग यंत्रासाठी काही हौशी प्रोग्रामरनी तो बनवला. तेव्हा त्याचे नाव एक्सबीएमसी होते. २०१४ मध्ये ते बदलून कोडी झाले. एक्सबीएमसी फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याचे काम पाहते, ॲप फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो. आपल्या हार्ड डिस्कवरचे सिनेमे, गाणी, घरचे फोटो टीव्हीवर नीट मांडून दाखवणे हे त्याचे काम. सोबत एकही सिनेमा किंवा चॅनेल येत नाही. इंटरनेटवरचे काही दाखवायचे असेल तर ते दाखवणारा छोटा प्रोग्राम वेगळा बसवावा लागतो. तोच ॲड-ऑन.

चॅनेल नव्हे, प्रोग्राम

कोडीच्या मेनूत ॲड-ऑन एखाद्या चॅनेलच्या चित्रासारखा दिसतो, त्यामुळे गैरसमज होतो. टीव्हीवरचा चॅनेल आपल्या टीव्हीचे काही बिघडवू शकत नाही, ॲड-ऑन बिघडवू शकतो. बहुतेक ॲड-ऑन पायथन या भाषेत लिहिलेले असतात आणि ते आपल्याच यंत्रावर चालतात. सबटायटल शोधणारे, हवामान दाखवणारे, सिनेमाचे पोस्टर आणि माहिती आणणारे, स्क्रीनचे रूप बदलणारे असे त्यांचे कितीतरी प्रकार आहेत.

मोबाइलवर प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत राहते आणि कॅमेरा किंवा फोटो हवे असतील तर परवानगी मागते. कोडीच्या आत मात्र अशा भिंती नाहीत. कोडीला जे दिसते ते प्रत्येक ॲड-ऑनला दिसते. अँड्रॉइड टीव्हीवर किंवा फायर टीव्ही स्टिकवर निदान कोडीला मिळालेल्या परवानग्यांपुरती मर्यादा असते. विंडोजच्या लॅपटॉपवर कोडी चालवला तर त्या वापरकर्त्याच्या सगळ्या फाइल ॲड-ऑनच्या हाताशी येतात. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर कोडीला जोडले असेल, तर त्याचा पासवर्ड कोडीच्या एका साध्या फाइलमध्ये वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेला असतो. बाहेरचा ॲड-ऑन बसवण्याची परवानगी देताना कोडी याबद्दल इशारा देतो. आपल्या यंत्रावरची खासगी माहिती ॲड-ऑनला मिळेल आणि नुकसानीला आपणच जबाबदार असू, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. सगळेजण ‘यस’ दाबून पुढे जातात.

खरी निवड रिपॉझिटरीची

ॲड-ऑन जिथून येतो त्या कोठाराला रिपॉझिटरी म्हणतात. बोलताना नुसते ‘रेपो’. कोडीसोबत त्याची स्वतःची अधिकृत रिपॉझिटरी येतेच. तिच्यात नवा ॲड-ऑन टाकायचा तर त्याचा कोड सर्वांसमोर मांडावा लागतो, कोडीची माणसे तो तपासतात आणि चोरीचे सिनेमे दाखवणारे ॲड-ऑन तिथे घेतले जात नाहीत. बाकी सगळ्या रिपॉझिटरी बाहेरच्या. त्या कोणीही उघडू शकतो. तिथे कोण काय ठेवतो, यावर कोडीचे नियंत्रण नाही.

रिपॉझिटरी एकदा बसवली की तिच्याशी कायमचे नाते जुळते. ॲड-ऑनची नवी आवृत्ती तिथे आली की कोडी ती न विचारता उतरवून घेतो. म्हणजे आज ॲड-ऑन चांगला आहे की नाही, हा प्रश्न अर्धाच. उद्या, सहा महिन्यांनी, त्या रिपॉझिटरीची किल्ली कोणाच्या हातात असेल आणि तो काय पाठवेल, हा उरलेला अर्धा. ‘अमुक ॲड-ऑन मी दोन वर्षे वापरतोय, काही झालं नाही’ हे वाक्य कमेंटमध्ये नेहमी दिसते. त्यावरून पुढच्या अपडेटबद्दल काहीच कळत नाही.

ही भीती हवेतली नाही. २०१७ च्या सुरुवातीला एक्सोडस नावाचा, तेव्हा प्रचंड वापरला जाणारा ॲड-ऑन असाच बदलला. त्याच्या निर्मात्याचे काही लोकांशी वाजले होते. त्याने एका अपडेटमध्ये असा कोड घातला की ॲड-ऑन वापरणाऱ्या सगळ्यांच्या यंत्रांवरून त्या विरोधकांच्या वेबसाइटवर गुपचूप मारा व्हावा. सोफ्यावर बसून सिनेमा पाहणाऱ्या माणसाला आपले इंटरनेट कोणाच्या तरी भांडणात वापरले जातेय, याचा पत्ताही नव्हता.

२०१८ चे प्रकरण त्याहून शिकण्यासारखे आहे. ईसेट या सुरक्षा कंपनीने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दाखवून दिले की बबल्स, गाया आणि एक्सव्हीबीएमसी या बाहेरच्या रिपॉझिटरींमधून विंडोज आणि लिनक्सच्या यंत्रांवर क्रिप्टो मायनर पसरवला गेला होता. मोनेरो हे आभासी चलन तयार करायला तो आपला प्रोसेसर राबवतो. वीज आपली, यंत्र आपले, पैसे दुसऱ्याचे. यातली युक्ती साधी होती. अनेक ॲड-ऑनना लागणारा ‘सिंपलजेसन’ नावाचा एक छोटा सहायक प्रोग्राम असतो. तेव्हा अधिकृत रिपॉझिटरीत त्याची ३.४.० ही आवृत्ती होती. हल्लेखोरांनी त्याच नावाची खोटी प्रत ३.४.१ असा क्रमांक देऊन ठेवली. कोडीने मोठा आकडा पाहिला, ती नवी समजली आणि बसवून घेतली.

म्हणजे ज्याने विचारपूर्वक, नाव पाहून ॲड-ऑन निवडला त्याच्याही घरात चोर शिरला, तो ॲड-ऑनच्या सोबत्याच्या रूपात. ॲड-ऑन काढून टाकल्यावरही मायनर यंत्रावर राहतच होता. यानंतर कोडीच्या १९ व्या आवृत्तीत, २०२१ मध्ये, ही फट बुजवली गेली. आता अधिकृत ॲड-ऑनची नवी आवृत्ती अधिकृत रिपॉझिटरीतूनच घेतली जाते. ॲड-ऑनच्या सेटिंगमध्ये ‘अपडेट ऑफिशियल ॲड-ऑन्स फ्रॉम’ असा पर्याय असतो आणि तो मुळातच सुरक्षित बाजूला असतो. एखादा व्हिडिओ तो बदलून ‘एनी रिपॉझिटरीज’ करा म्हणत असेल, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करावा.

सोडून दिलेल्या रिपॉझिटरी हा आणखी एक धोका. निर्माता कंटाळतो किंवा कायदेशीर नोटीस येते, तो गायब होतो आणि त्याच्या वेबसाइटच्या पत्त्याची मुदत संपते. तो पत्ता मग कोणीही विकत घेऊ शकतो. हजारो कोडी अजून त्याच पत्त्यावर अपडेट आहे का म्हणून विचारत असतात. नव्या मालकाने काय उत्तर द्यावे, हे त्याच्या मर्जीवर. पाच-सहा वर्षांपूर्वीचे व्हिडिओ पाहून ॲड-ऑन बसवू नये ते यासाठी. शिवाय १९ व्या आवृत्तीपासून कोडी पायथन ३ वर गेला, त्यामुळे त्याआधीचे बरेच ॲड-ऑन आता चालतच नाहीत.

‘बिल्ड’ आणि भरलेले बॉक्स

बिल्ड म्हणजे कोणीतरी आपल्या आवडीने सजवलेला अख्खा कोडी: नवे रूप, वीस-पंचवीस ॲड-ऑन, दहा रिपॉझिटरी, सगळे एका झटक्यात. दिसायला झकास. पण कुठला ॲड-ऑन कुठून आला, हे त्यात कळण्याची सोयच राहत नाही. वरच्या सगळ्या अडचणी इथे दहापट होतात.

हीच गोष्ट ‘सगळं भरून मिळेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॉक्सची. नेदरलँड्समधल्या अशाच एका विक्रेत्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये निकाल दिला, की बेकायदा ठिकाणांकडे नेणारे ॲड-ऑन आधीच घालून यंत्र विकणे हा कॉपीराइटचा भंग आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. टॉरेंटवर चालणारे ॲड-ऑन वापरणाऱ्यांच्या एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: टॉरेंटमध्ये सिनेमा पाहता पाहता त्याचे तुकडे आपल्या यंत्रावरून इतरांना पाठवलेही जातात. म्हणजे आपण नुसते प्रेक्षक उरत नाही, वाटप करणारे होतो. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने तर हे जास्तच ध्यानात ठेवावे. जर्मनीत अशा वाटपाबद्दल वकिलाची दंडाची पत्रे थेट घरी येतात.

‘व्हीपीएन घ्या, मग काही होत नाही’ हा सल्ला अशा ॲड-ऑनच्या याद्यांमध्ये हमखास असतो, बऱ्याचदा खाली त्याच व्हीपीएनची जाहिरातही. व्हीपीएन आपली वाहतूक रस्त्यावर झाकतो. वाईट कोड रस्त्यावर नसतो, आपल्याच यंत्रात बसलेला असतो.

मग निवडायचे कसे

सुरुवात अधिकृत रिपॉझिटरीपासून करावी. ती पुष्कळांना वाटते तेवढी गरीब नाही. तिथे यूट्यूबचा ॲड-ऑन आहे. तो वापरायला स्वतःची एपीआय की काढून घालावी लागते, थोडे किचकट आहे, पण एकदाच. मग सह्याद्री वाहिनीच्या यूट्यूब चॅनेलपासून कीर्तनांपर्यंत सगळे मोठ्या पडद्यावर येते. आपल्याकडे कायदेशीर आयपीटीव्हीची यादी असेल तर तिच्यासाठी ‘पीव्हीआर आयपीटीव्ही सिंपल क्लायंट’ आहे. सबटायटलसाठी ओपनसबटायटल्सचा ॲड-ऑन आहे. यांपैकी कशासाठीही ‘अननोन सोर्सेस’ चालू करावे लागत नाही, आणि हीच सर्वांत सोपी कसोटी. ते बटण चालू करायला सांगणारा प्रत्येक ॲड-ऑन वाईट असतो असे नाही. पण तिथून पुढे तपासणी करणारे आपल्याशिवाय कोणी नसते.

बाहेरचाच घ्यायचा झाला तर तो कोण बनवतो ते आधी पाहावे. जेलीफिन या घरगुती मीडिया सर्व्हरचा कोडीसाठीचा ॲड-ऑन जेलीफिनचीच माणसे बनवतात आणि त्यांच्याच साइटवर त्याची रिपॉझिटरी मिळते. मूळ प्रकल्पाने स्वतः दिलेला ॲड-ऑन ही बऱ्यापैकी भरवशाची खूण. नेटफ्लिक्सचा ॲड-ऑन वेगळ्या जातीचा आहे. तो नेटफ्लिक्सने बनवलेला नाही, पण कोड उघडा आहे आणि पाहायला पैसे भरलेले खातेच लागते. इथे प्रश्न पायरसीचा नाही, आपला पासवर्ड तिसऱ्याच्या प्रोग्रामला देण्याचा आहे. द्यायचाच तर तो पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही खात्याला, विशेषतः ईमेलला, वापरलेला नसावा.

गिटहबवर ॲड-ऑनचा कोड दिसतो का, शेवटचा बदल कधी झाला, लोकांच्या तक्रारींना उत्तरे मिळतात का, एवढे पाहायला प्रोग्रामर असावे लागत नाही. पत्ता निर्मात्याच्या पानावरून घ्यावा, व्हिडिओखालच्या आखूड केलेल्या लिंकवरून किंवा टेलिग्रामवर आलेल्या झिप फाइलमधून नव्हे. अँटिव्हायरस बंद करा असे कोणी सांगितले तर पुढे काही वाचायची गरज नाही. काम झाले की ‘अननोन सोर्सेस’ पुन्हा बंद करावे, म्हणजे घरातले दुसरे कोणी चुकून काही बसवणार नाही. बाहेरचे ॲड-ऑन असतील तर अपडेट आपोआप न होता आधी कळवावे, असा पर्यायही सेटिंगमध्ये आहे.

कोडी स्वतः मात्र जरूर अपडेट ठेवावा. २०१७ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने दाखवले होते की मुद्दाम बिघडवलेल्या सबटायटलच्या फाइलमधूनही कोडी, व्हीएलसी आणि स्ट्रीमिओ चालणाऱ्या यंत्राचा ताबा घेता येतो. कोडीने १७.२ या आवृत्तीत ते दुरुस्त केले. जुन्या बॉक्सवर त्याआधीचा कोडी असेल तर ते भोक अजून उघडेच आहे.

स्ट्रीमिओचे नाव आले म्हणून एक खुलासा. तिथेही ॲड-ऑन असतात, पण ते आपल्या यंत्रावर चालत नाहीत. दूरच्या सर्व्हरला ॲप विचारते आणि यादी येते. त्यामुळे मायनर घुसण्याचा धोका कमी, पण आपण काय शोधतो आणि पाहतो ते त्या सर्व्हरला कळते. काही ॲड-ऑनच्या पत्त्यातच आपल्या सशुल्क खात्याची की दडलेली असते. असा पत्ता किंवा त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला तर खाते वाटल्यासारखेच.

आधीच काही बसवले असेल तर

लॅपटॉपचा पंखा काही न करताही घरघरत असेल, यंत्र तापत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. पण काहीच लक्षण नसले तरी संशयास्पद रिपॉझिटरी काढून टाकणे चांगले. नुसता ॲड-ऑन काढून भागत नाही, रिपॉझिटरीही काढावी लागते. बिल्ड असेल तर कोडी पूर्ण उडवून, त्याचा ‘युझरडेटा’ फोल्डरसुद्धा पुसून, नव्याने बसवावा. अँड्रॉइड टीव्हीवर ॲपचा सगळा डेटा साफ करावा. जुना बॅकअप परत टाकू नये, कारण त्यासोबत तीच घाण परत येते. विंडोज किंवा लिनक्सवर पूर्ण स्कॅन करावा. त्यानंतर, साफ झालेल्या यंत्रावरून, कोडीत कधीही टाकलेला प्रत्येक पासवर्ड बदलावा. त्यात घरच्या कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरचाही आला.