हिरडा, आजी आणि अडवलेला वेग

विषय पोट साफ न होण्याचा आहे. नाश्ता करत वाचत असाल तर आधी तो उरका, मग या :-)

गेली दोन वर्षं माझी सकाळ ठरलेली आहे. रात्री अकरापर्यंत क्लायंटचा कॉल, सकाळी पावणेसातला कंपनीची बस. "ती" जाणीव नेमकी बस हायवेला लागली की होते. ऑफिसात पोचतो तोवर मीटिंग सुरू झालेली असते आणि मीटिंग संपेपर्यंत जाणीव गायब! मग रात्री झोपताना मेडिकलमधून आणलेलं चूर्ण. आधी एक चमचा पुरायचा, आता दोन लागतात. डब्यावर मोठ्या अक्षरात "आयुर्वेदिक" लिहिलंय, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

मागच्या शनिवारी गावी गेलो. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्याला. आजी चौऱ्याऐंशीची आहे. माझा डबा बघून ती हसली आणि फडताळातून स्वतःची बरणी काढली. आत हिरड्याची पूड. घाटावरून कुणी आलं की ती हिरडे मागवते, एरंडेलात परतते आणि कुटून ठेवते. वैद्य लोक यालाच गंधर्वहरीतकी म्हणतात. गंधर्व म्हणजे एरंड आणि हरीतकी म्हणजे आपला हिरडा. आजीला अर्थातच हे नाव माहीत नाही.

इंजिनियर माणूस, त्यामुळे परत आल्यावर शोधाशोध सुरू. आणि हिरड्याचा इतिहास भलताच मोठा निघाला.

चरकसंहितेत, म्हणजे साधारण दोन हजार वर्षं जुन्या ग्रंथात, "कशात काय सर्वश्रेष्ठ" अशी एक यादीच आहे. सुखाने पोट साफ करणाऱ्यांत निशोत्तर पहिलं. सौम्य रेचकांत बहावा (तोच, उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडणारा). जहाल रेचकांत निवडुंगाच्या जातीतल्या थोराचा चीक. आणि पथ्यकर गोष्टींत पहिला नंबर हिरड्याचा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तर हिरडा कसा घेतला की काय होतं ते वेगवेगळं सांगितलंय. चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर पोट साफ करतो, आणि वाफवून घेतला तर उलट मळ बांधतो! एकच फंक्शन, पॅरामीटर बदलला की आउटपुट उलटा. कशाबरोबर घ्यायचा तेही ऋतूप्रमाणे ठरलेलं: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, उन्हाळ्यात गूळ. कुणी घेऊ नये तेही दिलंय: गरोदर बाई, अशक्त माणूस, प्रवासाने किंवा उपासाने थकलेला.

हिरडा परदेशातही गेला. अरबी आणि युरोपी वैद्यकात तो शतकानुशतकं वापरात होता. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या पुस्तकात हिरड्या-बेहड्यांवर एक प्रकरण लिहिलंय. त्या काळी युरोपात या फळांचे पाच प्रकार मानत. त्यातले तीन म्हणजे एकाच झाडाचा हिरडा, कोवळा, अर्धपिका आणि पिकलेला, हे आज आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा म्हणतात तोच फरक. पुढे इंग्रजांना हिरडा पोटापेक्षा चामडं कमावायला जास्त उपयोगी वाटला, कारण त्यात टॅनिन भरपूर. त्यांच्या बाजारात वेंगुर्ल्याच्या नावाने हिरड्याची एक प्रत ओळखली जायची. आणि आजही जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून विकतात. आजीच्या बरणीतला माल तिकडचाच.

इथवर मी खूश होतो. आजीची बरणी जिंकली, लेख तयार! पण मग माझ्या डब्यावरची घटकद्रव्यं वाचली. सगळ्यात जास्त प्रमाण सोनामुखीचं. आणि सोनामुखी चरकात नाहीच, ती आपल्याकडे अरबी वैद्यकातून आली. म्हणून ती वाईट असं नाही. डॉक्टरही देतात, पण थोड्या दिवसांसाठी. आपल्या मनाने दोन-दोन वर्षं रेटायची ती गोष्ट नाही.

खरा धक्का पुढे होता. चरकाच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे, त्याचा विषयच "वेग अडवू नका". शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू असे तेरा वेग मोजलेत आणि सुरुवातच मूत्र आणि मळापासून आहे. मळाचा वेग अडवला तर काय होतं? पोटात कळ, डोकेदुखी, वात आणि मळ अडकणं, पोट फुगणं, पोटऱ्या वळणं. त्यावर उपाय काय तर शेक, तेलाचं मालिश, कोमट पाण्यात बसणं, वर्ती, बस्ती आणि मळ पुढे सरकवणारं खाणंपिणं. रोज रात्री दोन चमचे चूर्ण यात कुठेही नाही.

आजचं विज्ञानही हेच सांगतं. मळ गुदाशयात उतरला की तिथली भिंत ताणली जाते आणि जाणीव होते. ती दाबली की मळ आतच थांबतो, मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो कडक होतो. हे रोजचं झालं की ती जाणीवही बोथट होत जाते. म्हणजे माझी कंपनी बस, दुसरं काय.

पोटऱ्या वळणं वाचल्यावर मला आजी आठवली, कारण तिची ती जुनी तक्रार. सगळं वयामुळे नसेल तर? रात्री फोन केला आणि विचारलं, "आजी, तुला हा त्रास कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. "दिवसाचं जाता येत नव्हतं रे बाबा. अंधार पडेस्तोवर दम धरायचा. पहाटे उजाडायच्या आत नाहीतर एकदम रात्री."

मी गप्पच झालो. २०००-०१ साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्याच्या मागोमाग, २००३ साली, आमच्या घरामागे संडास बांधला गेला. त्याआधीची चाळीसहून जास्त वर्षं तिने रोज वेग अडवला. मी शाळेत असताना सुट्टीत गावी जायचो, तिच्या हिरड्याला हसायचो, आणि ही बाई पाणी कमी का पिते असा प्रश्न मला कधी पडला नाही. पाणी कमी प्यायलं की दिवसा जायची वेळ कमी येते, हे तिनेच फोनवर सांगितलं.

हिरड्याने तिला चार दशकं सांभाळून नेलं, यात वाद नाही. पण तिच्या दुखण्याचं औषध बरणीत नव्हतं. दार लावता येईल अशा चार भिंतींत होतं. ग्रंथाने आधी सांगितलेली गोष्ट आपण सोडून दिली आणि नंतरची पूड तेवढी डब्यात भरली.

माझ्याकडे तर भिंती, दार, फ्लश सगळं आहे. नाहीये ती फक्त अर्ध्या तासाची सवड, आणि ती मीच माझ्याकडून काढून घेतलीय. सोमवारपासून साडेपाचला उठतोय. कोमट पाणी, थोडं खाणं (खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं) आणि मग मोबाईल बाहेर ठेवून दहा मिनिटं. फार प्रगती नाही अजून, पण चूर्ण एका चमच्यावर आलंय.

एक मात्र सांगतो. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा सवय अचानक बदलली असेल, तर हिरडा नको आणि हा लेखही नको. सरळ डॉक्टर गाठा.

बाकी आजीने कुरियरने बरणी पाठवलीय. सोबत निरोप: "रोज नको घेऊस. आणि बस चुकली तर चुकू दे."