पाच सेकंदांची मुदत

‘ॲप प्रतिसाद देत नाही. बंद करायचं की थांबायचं?’ असं फोनने तुम्हालाही कधीतरी विचारलं असेल. 2010 मध्ये माझ्या पहिल्याच ॲपने मला ही खिडकी दाखवली आणि मी खापर नेटवर्कवर फोडलं. चूक माझी होती.

अँड्रॉइडमध्ये ॲपच्या स्क्रीनवरचं काम एकच थ्रेड करतो, मेन थ्रेड. बोटाचा स्पर्श ओळखणं, यादी सरकवणं, बटण रंगवणं, सगळं तोच. सेकंदाला 60 चित्रं काढायची, तर एका चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. मी त्यालाच सर्व्हरवरून यादी आणायला पिटाळलं होतं. दुकानात एकच माणूस आणि तोच माल आणायला गेलेला! स्पर्शाला 5 सेकंदांत दाद मिळाली नाही की ती खिडकी येते.

लांबणारं काम मागे, बॅकग्राउंड थ्रेडवर टाकायचं आणि उत्तर दाखवायला तेवढं मेन थ्रेडकडे यायचं, हा उपाय जुनाच. 2009 मध्ये अँड्रॉइड 1.5 ने त्यासाठी एसिंकटास्क दिलं. त्यात कामं एकामागून एक होत. 1.6 मध्ये ती एकदम धावू लागली, त्यातून ॲपमध्ये चुका होऊ लागल्या, म्हणून 3.0 मध्ये पुन्हा रांग लागली. शिवाय फोन आडवा केला की स्क्रीन नव्याने बनायची आणि मागचं काम जुन्या स्क्रीनलाच धरून बसायचं. (यात माझ्या दोन रात्री गेल्या.)

खरं वळण मात्र 2011 चं. त्याआधी 2.3 मध्ये स्ट्रिक्टमोड आला होता, पण प्रोग्रामरने स्वतःहून चालू केला तरच तो चूक दाखवायचा. 3.0 ने सरळ दारच लावलं. त्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या ॲपने मेन थ्रेडवरून नेटवर्कला हात लावला, की ॲप तिथेच कोसळणार. तेव्हा मला हा आडमुठेपणा वाटला. पण माझ्याकडे वायफायवर यादी क्षणात यायची, त्यामुळे मला चूक दिसतच नव्हती. ती दिसायची एसटी स्टँडवर, एक कांडी रेंज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. नव्या नियमाने त्याच्या हातातली चूक माझ्या टेबलावर आणून ठेवली.

2020 मध्ये अँड्रॉइड 11 बरोबर एसिंकटास्क कालबाह्य ठरलं. आता कोटलिनच्या कोरूटीन आहेत, लिहायला कितीतरी सोप्या. मेन थ्रेड मात्र अजून एकच आहे. आणि नवं ॲप तपासायचं असलं की मी वायफाय बंद करून आमच्या जिन्यात जाऊन बसतो. तिथे रेंज धड येत नाही.