आजीचं सोनं आणि विंदियाची बाई

2021च्या एप्रिलमध्ये आई आणि मामाला एकाच आठवड्यात कोविड झाला. आई चार दिवसांत उठली. मामा तीन आठवडे ऑक्सिजनवर. सख्खी भावंडं, मग असं का?

कोविड बळावण्याचा धोका वाढवणारा एक जनुकीय तुकडा तिसऱ्या गुणसूत्रावर असतो. तो निअँडरथलांकडून आलाय, हे ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी 2020मध्ये दाखवलं. क्रोएशियातल्या विंदिया गुहेत सुमारे 50,000 वर्षांपूर्वीच्या एका निअँडरथल बाईच्या हाडात तो जवळजवळ तसाच आहे. युरोपात साधारण सहातल्या एकाकडे, दक्षिण आशियात निम्म्यांकडे. भावंडांतही एकाला मिळतो, दुसऱ्याला नाही.

मामाला मधुमेहही आहे. सगळं खापर निअँडरथलांवर नको. तपासणी कुणी केलीच नाही. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आजीचं सोनं हिला, आणि मला हे?"