टकळी, रंगाची कढई आणि विणायच्या सुया



आज आपण इतिहास बोलणार आहोत, पण राजांचा आणि लढायांचा नाही. तुमच्या पिशवीत लोकरीचा गुंडा आणि दोन सुया असतात, त्यांचा. सध्या आपल्या मुळशीत बऱ्याच गटांच्या बैठकीत विणकामाचा विषय निघतो. कुणी बाळाची टोपडी-मोजे करतं, कुणी क्रोशाची तोरणं आणि रुमाल. धरणाकडं फिरायला येणारी शहरातली गिऱ्हाईकं आता विचारायला लागली आहेत, की झाडपाल्याच्या रंगात हातानं रंगवलेली लोकर मिळेल का. आपल्याला वाटतं, हे काहीतरी नवीन आलंय. तसं नाही. धागा काढणं, रंगवणं, विणणं ही कामं आपल्याकडच्या बायकांच्या हातून पिढ्यान् पिढ्या गेली आहेत. त्या कामाचे तास मात्र फार कमी वेळा मोजले गेले. आज त्याबद्दलच बोलू.

घोंगडीतली लोकर

मुळशीचा पाऊस काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. प्लास्टिकचे कागद यायच्या आधी आवणीला जाताना डोक्यावर इरलं असायचं, नाहीतर घोंगडीची खोळ. घोंगडी भिजली तरी आत ऊब राहते. लोकरीचा गुणच तो.

ही लोकर आपल्या दख्खनी मेंढीची. ही मेंढी कोरडवाहू पठारावरची, कमी चाऱ्यात तग धरणारी. तिची लोकर राठ, बहुतेक काळी किंवा करडी. धनगर बांधव वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. मग लोकर निवडायची, काटे-कुसळं काढायची, पिंजायची आणि कातायची. कातलेलं सूत ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे मागावर ते तुटत नाही. मागावर बहुतेक करून पुरुष बसायचे, सणगर समाजाचे किंवा धनगर. त्याच्या आधीची निवडणं-पिंजणं-कातणं ही कामं मुख्यतः घरातल्या बायकांची.

कातायला लागायची टकळी. एक काडी आणि तिच्या बुडाशी जड चकती, एवढंच ते अवजार. बसून चालवा, उभ्यानं चालवा, मेंढरांमागं जाताना चालवा. सतत बोलणाऱ्या माणसाची ‘टकळी चालू आहे’ असं आपण म्हणतो ना, ती हीच टकळी. चरख्याला जुन्या मराठीत रहाट म्हणत. तो घरात एका जागी बसवायचा. टकळी मात्र बाईबरोबर हिंडायची, म्हणून ती कामाच्या मधल्या वेळात चालायची. आणि मधल्या वेळातलं काम कुणी मोजत नाही. घोंगडी बाजारात गेली की दर व्हायचा घोंगडीचा. त्यातलं सूत किती दिवस कातलं, हे विचारायला कुणी बसलेलं नसायचं.

कापसाच्या सुतावर तर मोठंच संकट आलं. आधी विलायतेचं गिरणीचं सूत आलं. मग १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणी उभी करायला घेतली आणि त्यामागून गिरण्यांची रांग लागली. रहाट माळ्यावर गेले. घोंगडीच्या जाड्याभरड्या लोकरीच्या वाटेला गिरणी फारशी गेली नाही, म्हणून तिची टकळी जास्त दिवस टिकली.

रंगाची कढई

आता रंगाकडं येऊ. आपल्याकडं रंगवणाऱ्यांचे वेगवेगळे समाज होते. निळीत रंगवणारे निराळी, कापड रंगवणारे आणि छापणारे भावसार, रंगारी. पुण्यातल्या मानाच्या आणि मोठ्या गणपतींत भाऊ रंगारींचं नाव आपण घेतो. त्यांचं मूळ आडनाव जावळे, रंगारी हे नाव घरच्या शालू रंगवायच्या धंद्यावरून पडलं.

तांबडा रंग यायचा आलाच्या मुळापासून. या झाडाला काही भागांत बारतोंडी म्हणतात. वऱ्हाड-खानदेशात आलाची शेती व्हायची. लावून तीनेक वर्षं थांबायचं, मग खोल खणून मुळं काढायची. निळा रंग निळीच्या झुडपाचा, पिवळा हळदीचा आणि पळसाच्या फुलांचा. पण नुसता रंग धाग्यावर टिकत नाही. त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. त्यासाठी तुरटी वापरत आणि सुती कापडाला त्याआधी हिरडा. हाच तो आपल्या सह्याद्रीच्या रानातला हिरडा. औषधी म्हणून आपण त्याला ओळखतो, पण रंगाऱ्याच्या घरी त्याच्यावाचून पान हलत नसे. हिरड्याच्या पाण्याला लोखंडाच्या गंजाचं पाणी मिळालं की काळा-करडा रंग होतो. विळ्यानं हिरडा कापला तर पातं काळं पडतं, ते याच कारणानं.

हे सगळं बदललं ते एका अठरा वर्षांच्या पोरामुळं. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा विद्यार्थी हिवतापावरचं क्विनाइन बनवायच्या खटपटीत होता. क्विनाइन झालं नाही, पण दगडी कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यापासून जांभळा रंग हाती आला. पुढं जर्मनीत १८६८च्या सुमारास तांबडा रंग कारखान्यात करायची युक्ती सापडली. १८९७मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. पुडीचा रंग स्वस्त, झटपट आणि भडक. लोकांनी तो घेतला यात त्यांचं काही चुकलं नाही, गरिबाच्या घरीही रंगीत लुगडं आलं. पण आलाची शेती मोडली, मुळं खणणाऱ्यांचा रोजगार गेला, निळीची पिंपं कोरडी पडली. हिरडा वाचला, कारण कातडी कमवायला तो लागतच राहिला.

शाळेतली सुई

मराठीत मागावर ‘विणतात’, टोपली ‘विणतात’ आणि स्वेटरही ‘विणतात’. शब्द एकच असला तरी दोन सुयांवरचं लोकरीचं विणकाम आपल्याकडं नंतर आलं, आणि ते मुख्यतः मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आलं. हिमाचलातल्या लाहौलमध्येही तसंच झालं. तिथं केलांगला मारिया हायडे या मिशनरी बाईंनी एकोणिसाव्या शतकात बायकांना मोजे विणायला शिकवले. आज लाहौलचे मोजे प्रसिद्ध आहेत. आपल्याकडं अहमदनगरला सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते त्यांच्याकडं. अशा शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असायचं.

या सुईवरून पुढं पुण्यात वादही झाला. १८८४ साली मुलींचं हायस्कूल निघालं, तीच आपली हुजूरपागा. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवायला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं, मुलींना मातृभाषा, नीतीचे पाठ आणि शिवणकाम एवढं शिकवलं की झालं. म्हणजे मुलीला पुढं जाऊ द्यायचं नसेल तर तिच्या हातात सुई द्या! पण त्याच सुईचा दुसरा उपयोग करणाऱ्या बायाही याच जिल्ह्यात होत्या. पंडिता रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभारलं. दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायका तिथं माग चालवायला, शिवायला, छापखान्यात काम करायला शिकल्या. रमाबाई रानड्यांनी १९०९मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथंही शिक्षणाबरोबर हातकाम होतं, आणि हेतू हा की बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहावं. सुई तीच होती. फरक होता तो तिच्या कमाईवर हक्क कुणाचा, याचा.

त्या काळात लोकर यायची परदेशातून, मऊ आणि पुडीच्या रंगातली. घोंगडीच्या राठ लोकरीचं बाळाला टोपडं होत नाही. त्यामुळं लोकरीची तोरणं, रुखवतातली फुलं, टोपडी हे सगळं या मऊ लोकरीवर वाढलं. सुयांचे नंबरही विलायतेतूनच आले. दहा नंबरची सुई आठ नंबरपेक्षा बारीक का, असं नव्या शिकणाऱ्या विचारतात. ते जुनं इंग्रजी माप आहे, नंबर वाढेल तशी सुई बारीक. ज्यांना सुया विकत घेणं जमत नसे त्या सायकलची आरी घासून सुई करत. आजही कित्येक म्हाताऱ्या बायकांची आवडती सुई तीच असते, कारण ती हातात बसलेली असते.

तासाला एक आणा

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. गांधीजींनी चरखा परत आणला हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. पण कातणाऱ्या बाईच्या मजुरीचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

१९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. १९२९ साली या संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, चांगला चरखा करून देणाऱ्याला. त्याची एक अट ऐकण्यासारखी आहे. बाईला तो आठ तास चालवता आला पाहिजे आणि ती थकून जाता कामा नये. शिवाय किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. सगळ्या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत. पण अवजार बाईच्या अंगाला बेतून करायचं, हा विचार तेव्हा झाला. १९३०मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. मुळशी सत्याग्रहातली आपली माणसंही आधी त्याच तुरुंगात गेली होती. तिथं असताना गांधीजींनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर काम केलं. त्याला आजही येरवडा चरखा म्हणतात.

तरी कातणाऱ्या बाईला मिळायचे दिवसाला काही पैसे. खादी स्वस्त ठेवायची तर मजुरी कमी ठेवा, असा हिशोब चालला होता. १९३५ साली गांधीजींनीच त्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं होतं, बाईला तासाला एक आणा मिळाला पाहिजे, आठ तासांचे आठ आणे. म्हणजे अर्धा रुपया. खादीचे लोक घाबरले. खादी महागली तर कोण घेईल? ही भीती खोटी नव्हती. तरीही त्याच वर्षी वर्ध्याला चरखा संघानं ठराव केला, की आठ तास नीट काम करणाऱ्या बाईला तिच्या पोटापुरतं आणि अंगावरच्या कपड्यापुरतं मिळेल इतकी मजुरी द्यायची. आठ आणे काही लगेच मिळाले नाहीत. पण वस्तूची किंमत आधी ठरवून उरेल ते बाईला, ही रीत उलटी झाली. आधी बाईची मजुरी, मग वस्तूची किंमत.

आपला हिशोब

आता आपल्या टोपड्याकडं येऊ. समजा, लोकर लागली ७० रुपयांची, विणायला लागले ७ तास, आणि गिऱ्हाईक म्हणतं १५० रुपये. लोकर वजा जाता राहिले ८०. म्हणजे तासाला साडेअकरा रुपयेसुद्धा नाहीत. हा आकडा आवणीच्या रोजाशी ताडून बघा. ‘टीव्ही बघता बघता तर विणते’ असं आपणच म्हणतो. टकळीचंही लोक असंच म्हणायचे.

झाडपाल्याच्या रंगाला जास्त दर मिळू शकतो, पण तिथं माल खरा हवा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच्या जातीची. तिच्यावर हळद-हिरड्याचा रंग चढत नाही. ओळखायचं कसं? धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक गोळी उरते.

खरी लोकर असेल तर १०० ग्रॅमला १० ते १५ ग्रॅम तुरटी घ्या. कोमट पाण्यात तुरटी विरघळवून त्यात भिजवलेली लोकर सोडा आणि तासभर मंद आचेवर ठेवा. कांद्याची सालं दुसऱ्या भांड्यात उकळून, गाळून त्या पाण्यात ही लोकर घाला. केशरी-पिवळा छान रंग येतो. लोकर चोळू नका, आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नका. आटून जाजमासारखी घट्ट होते. क्रोशाचा सुती दोरा असेल तर आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग रंगात. हळदीचा रंग उन्हात उडतो, तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगा. रंगाची भांडी वेगळी ठेवा, स्वयंपाकाला वापरू नका.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आज खादीवर झाडपाल्याचे रंग चढवले जातात. मुळं, साली, फुलं यांचं हे ज्ञान संपलेलं नाही. आपल्या रानात हिरडा उभा आहे, पळस फुलतो, आणि विणणारे हात तर प्रत्येक गटात आहेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक काम करा. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा: वस्तू, लोकर किती रुपयांची, रंगवायचे तास, विणायचे तास. कामाला बसताना घड्याळ बघून लिहा, उठताना लिहा. महिनाभरानं आपण सगळ्यांची पानं एकत्र मांडू, आधी तासाचा दर ठरवू आणि मगच टोपड्याची किंमत काढू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगा, नाहीतर तासाला एक खूण करा. चिंचोके मोजलेत तरी चालतील.