शोधायचं काय, हेच माहीत नसेल तेव्हा

१९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही मेरीलँडमध्ये घर शोधत होतो. एजंटबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कुठल्या भागात हवंय?" आम्हाला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. गेदर्सबर्ग, लॉरेल, सिल्व्हर स्प्रिंग ही आमच्या लेखी हायवेच्या पाट्यांवरची नावं, त्यातली दोन तर धड उच्चारताही येत नव्हती. भाग कुठला सांगणार! बाईंनी छापील याद्यांचा गठ्ठा हातात ठेवला. रोज रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं पेन्सिल घेऊन बसायचो. हे महाग, हे लांब, याला गॅरेज नाही. आठवडाभरात यादी संपली. पण पाच हजार डॉलर वाढवले तर किती घरं आवाक्यात येतील, की पाच मैल लांब गेलेलं बरं, याचा काही अंदाज आला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की आमच्या भाड्याच्या घरापासून अर्ध्या तासावर, कॉलेज पार्कच्या मेरीलँड विद्यापीठात, नेमक्या याच अडचणीवर त्याआधी दोन वर्षं उत्तर शोधलं गेलं होतं.

तिथे बेन श्नायडरमन या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९८३ मध्ये एक प्रयोगशाळा सुरू केली होती. माणूस आणि संगणक यांचं जमावं कसं, हा तिचा विषय. १९९० मध्ये त्या प्रयोगशाळेची ८० मेगाबाइटची हार्ड डिस्क भरली. वापरणारे चौदा जण. जागा कोणी अडवली ते कळेना. फायलींची यादी होती, पण यादीतून आकार डोळ्यांपुढे येत नाही. श्नायडरमनांनी पडद्याचेच चौकोन पाडायचं ठरवलं. मोठी फाइल, मोठा चौकोन. फोल्डरच्या चौकोनात त्यातल्या फायलींचे छोटे चौकोन, एकदा आडवे कापलेले, एकदा उभे. हा ट्रीमॅप. १९९८ मध्ये मार्टिन वॅटनबर्ग यांनी याच पद्धतीने स्मार्टमनीच्या संकेतस्थळावर शेअर बाजाराचा नकाशा केला, वधारलेल्या कंपन्या हिरव्या आणि उतरलेल्या लाल. आपल्यापैकी अनेकांनी तो ऑफिसच्या वेळात चोरून पाहिला असेल.

मला मात्र जास्त जवळचा वाटतो तो १९९२ चा प्रयोग. ख्रिस्तोफर विल्यमसन आणि श्नायडरमन यांनी वॉशिंग्टन परिसराच्या नकाशावर प्रत्येक घरासाठी एक ठिपका ठेवला. बाजूला स्लायडर होते: किंमत, खोल्या, तुम्ही नेमलेल्या जागेपासूनचं अंतर. किंमतीचा स्लायडर खाली ओढला की ठिपके विझत जायचे, वर नेला की पुन्हा उजळायचे. 'शोधा' असं बटण दाबायची गरज नव्हती. हात हलतोय तोवर उत्तर डोळ्यांसमोर यायला हवं, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात, हा त्यांचा आग्रह होता. कारण तेवढ्या वेगानेच 'हे केलं म्हणून ते झालं' असं मनाला जाणवतं. अठरा विद्यार्थ्यांवर चाचणी घेतली. इंग्रजी वाक्यात प्रश्न टाइप करण्याच्या पद्धतीपेक्षा आणि छापील यादीपेक्षाही त्यांचं काम या पद्धतीने लक्षणीय लवकर झालं. छापील यादीपेक्षा, हे वाचताना मला आमचं जेवणाचं टेबल आठवलं.

यातली खुबी वेगापुरती नाही. साध्या शोधात तीन अटी घातल्या आणि उत्तर 'शून्य' आलं, तर चूक कुठल्या अटीची ते कळत नाही. थोडक्यात हुकलं की फार लांब होतं, तेही नाही. इथे स्लायडर जरा मागे घेतला, की कोपऱ्यात चार ठिपके लागलेले दिसतात. कुठली अट किती महागात पडते, हे समजतं. आणि ज्या गावाचं नाव आपल्याला माहीत नाही, तेही नकाशावर असतंच.

१९९४ मध्ये स्वीडनहून आलेल्या क्रिस्टोफर आल्बर्ग यांच्यासोबत श्नायडरमनांनी हीच कल्पना सिनेमांना लावली: आडव्या अक्षावर साल, उभ्यावर लोकप्रियता, रंगावरून चित्रपटाचा प्रकार. अशा ठिपक्यांच्या गर्दीत सहजपणे जवळ कसं जायचं, यावरच्या १९९५ च्या शोधनिबंधावर श्नायडरमनांच्या जोडीला निनाद जोग हे नाव आहे. परदेशात आडनाव दिसलं की आपली नजर थांबते, तशी माझीही थांबली. १९९६ मध्ये श्नायडरमनांनी या सगळ्या कामाचं सार मांडलं: आधी संपूर्ण चित्र दाखवा, मग जवळ जाऊ द्या आणि नको ते गाळू द्या, तपशील मागितल्यावरच द्या. हे सूत्र त्यांनी त्या निबंधात दहा वेळा लिहिलं, कारण वेगवेगळ्या कामांत तेच पुन्हा पुन्हा सापडलं होतं. त्याच वर्षी आल्बर्ग यांनी स्पॉटफायर ही कंपनी काढली. औषध कंपन्यांचे संशोधक रसायनांच्या ढिगात उपयोगी रेणू शोधायला ते सॉफ्टवेअर वापरू लागले. २००७ मध्ये टिबकोने ती कंपनी विकत घेतली.

मग सगळा शोध असाच का झाला नाही? ठिपका मांडायला किंमत, साल, अंतर असं काहीतरी मोजता यावं लागतं. वेबवरच्या बहुतेक पानांना असे अक्षच नसतात. शिवाय ठिपके लाखांवर गेले की ते एकमेकांवर चढतात आणि नुसता डाग दिसतो. १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली आणि आपण एका रिकाम्या चौकटीत शब्द टाकून उत्तरांची यादी घ्यायला शिकलो. ज्याच्याकडे नेमका शब्द आहे त्याचं काम चोख होतं. पण यादीत वर काय यावं हे दुसरं कोणीतरी ठरवतं, आणि दहाव्या पानावर काय राहिलं ते आपण पाहत नाही. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाकडे तर नेमका शब्दच नसतो.

घरांच्या बाबतीत मात्र त्या प्रयोगाचे वंशज आज प्रत्येकाच्या फोनवर आहेत: नकाशा, ठिपके, किंमतीचा स्लायडर. मागच्या महिन्यात पुण्याहून भाचा आला. त्यानं विचारलं, "मामा, राहायला कुठला भाग चांगला?" माझं उत्तर जिभेवर तयार होतं, तीस वर्षांपूर्वी आम्ही एका यादीतून उचललेल्या गावाचं. ते गिळलं, आणि नकाशा उघडून फोन त्याच्या हातात दिला. अर्ध्या तासानं त्यानं ज्या भागावर बोट ठेवलं, तिथे मी इतक्या वर्षांत एकदाही गेलो नव्हतो.